पाऊस ओळखणारी चकती

मुलांनो, झाडांना पाणी कसे घालावे हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु पाणी घालणे केव्हा थांबवावे हे ओळखणे तितके सोपे नाही. पाणी कमी पडले की रोपे माना टाकतात आणि आपली चूक लगेच डोळ्यांना दिसते. पाणी जास्त झाले तर मुळे जमिनीच्या पोटात गुदमरतात, आणि ही चूक कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच जाणता शेतकरी पाणी देण्यापूर्वी आधी आभाळाकडे पाहतो, मग वाकून मूठभर माती उचलतो आणि ती दाबून पाहतो. मातीचा लाडू बांधला जातो की तिचा भुगा होतो, यावरून तो जमिनीतील ओल ओळखतो.

पाऊस पडून गेला की जमिनीतील जादा पाणी हळूहळू निथळते. मातीच्या कणांना ओल धरून राहते आणि कणांमधल्या पोकळीत पुन्हा हवा शिरते. ओल आणि हवा यांच्या या मेळाला आपल्याकडे ‘वाफसा’ असे सुंदर नाव आहे. वाफसा आल्यावाचून शेतकरी पेरणीला हात घालीत नाही. मुळांना पाणी हवे असते, तशीच हवाही हवी असते, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

आता अनेक ठिकाणी परसबागेला पाणी घालण्याचे काम यंत्राकडे सोपविलेले आढळते. बागेत नळ्या अंथरलेल्या असतात. काही नळ्यांतून थेंब थेंब पाणी झिरपते, त्याला ठिबक सिंचन म्हणतात. काहींच्या तोंडाशी बसविलेल्या फिरत्या तोट्यांतून पाण्याचे फवारे उडतात, त्याला तुषार सिंचन म्हणतात. नळीच्या मुखाशी विजेवर उघडणारी एक झडप असते आणि तिला आज्ञा देणारा एक टायमर असतो. रोज सकाळी सहा वाजता पाणी सोडावे आणि वीस मिनिटांनी बंद करावे, असे त्याला एकदा सांगून ठेवले की तो ते काम बिनचूक करतो. घरातील माणसे परगावी गेली तरी बागेचा खाडा होत नाही.

हा टायमर मोठा इमानी सेवक खरा. पण तो आंधळा आहे. त्याला वेळ कळते, पाऊस कळत नाही. रात्रभर मृगाचा पाऊस कोसळलेला असो, अंगणात पाण्याची तळी साचलेली असोत, सहा वाजले की तो झडप उघडतो. वरून पाऊस पडत आहे आणि खालून फवारे उडत आहेत, असा चमत्कारिक देखावा मग पाहावयास मिळतो. पाहणाऱ्याला हसू येते; परंतु जेथे पाणी मोलाचे आहे, तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

धाराशिव जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला हा जिल्हा सह्याद्रीच्या पूर्वेस पुष्कळ आत आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपले बरेचसे पाणी रिते करतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तर धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला सरासरीने सातशे ते आठशे मिलिमीटर येतो. तोही दर वर्षी सारखा नसतो. एखाद्या वर्षी आषाढ कोरडा जातो, तर एखाद्या वर्षी भाद्रपदात नद्या पात्र सोडून वाहू लागतात. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील वडीलधारी माणसे अजून विसरलेली नाहीत. शेजारचा लातूर जिल्हा १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. २०१६ च्या एप्रिल महिन्यात त्या लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले होते. कळंब तालुक्याच्या सीमेवरील मांजरा धरण तेव्हा आटून गेले होते.

अशा प्रदेशात एका बागेचे पाणी म्हणजे किती पाणी, याचा हिशेब आपण मांडून पाहू. पाऊस मिलिमीटरांत मोजतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही आणि वाफ होऊन उडाले नाही, तर त्याचा जेवढ्या उंचीचा थर साचेल तेवढा पाऊस झाला असे समजतात. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथे बरोबर एक लिटर पाणी पडते. हे मान ध्यानात ठेवा. पुढे सारा हिशेब सोपा होतो.

समजा, एका घरामागे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद बाग आहे. तिचे क्षेत्रफळ शंभर चौरस मीटर झाले. तेथे तुषार सिंचनाने रोज चार मिलिमीटर पाणी दिले जाते. म्हणजे रोज चारशे लिटर. आता एका रात्री बारा मिलिमीटर पाऊस पडला. बागेवर आकाशातून बाराशे लिटर पाणी पडले. हे पाणी जमिनीत मुरले, तर पुढले तीन दिवस बागेला पाणी देण्याची गरजच उरत नाही. परंतु आंधळा टायमर त्या तीन दिवसांत विहिरीतील किंवा हौदातील आणखी बाराशे लिटर पाणी ओतून मोकळा होतो. ग्रामीण भागात घरोघर नळाने पाणी देण्याच्या योजनेत दर माणशी दर दिवशी पंचावन्न लिटर पाणी हे मान धरले आहे. त्या मानाने पाच माणसांच्या कुटुंबाला रोज पावणेतीनशे लिटर पाणी लागते. म्हणजे जे पाणी बागेत व्यर्थ गेले, त्यात त्या कुटुंबाचे चार दिवस निभावले असते.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. या भागात पुष्कळ ठिकाणी काळी जमीन आहे. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि तिच्यातील बारीक छिद्रे मिटतात. अशा जमिनीत ओलीवर पुन्हा ओल झाली, तर वाफसा येण्यास विलंब लागतो, मुळांना हवा मिळत नाही आणि रोपे पिवळी पडतात. रोपे पिवळी दिसली की अजाण माणूस पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतो!

या आंधळ्या सेवकाला पाऊस कळावा, म्हणून एक लहानसे साधन योजिले आहे. त्याला पर्जन्यसंवेदक म्हणतात. ‘रेन सेन्सर’ या नावानेही ते दुकानात मिळते. पाऊस पडला की टायमरची आज्ञा झडपेपर्यंत पोहोचू द्यावयाची नाही, एवढेच त्याचे काम. ते तो कसा करतो?

पावसाळ्यात घरातील लाकडी दार चौकटीत घट्ट बसते आणि ओढूनही लवकर उघडत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. उन्हाळ्यात तेच दार सहज लागते आणि सहज उघडते. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते आणि वाळले की पुन्हा आकसते. हाच गुण बुचासारख्या काही पदार्थांतही असतो. पर्जन्यसंवेदकाच्या डबीत अशा पदार्थाच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. डबीच्या टोपणाला छिद्रे असतात. त्यांतून पावसाचे पाणी आत येते. चकत्या ओल्या होतात, फुगतात आणि शेजारच्या एका लहान कळीला दाबतात. कळ दाबली गेली की झडपेकडे जाणाऱ्या विजेची वाट तुटते. टायमर सहा वाजता नेहमीप्रमाणे आज्ञा देतो. पण वाटेत पूलच उचललेला असल्यामुळे ती आज्ञा झडपेपर्यंत जात नाही. पाऊस थांबून ऊन पडले की चकत्या वाळतात, आकसतात आणि कळीवरचा दाब सुटतो. पूल पुन्हा जोडला जातो आणि पाणी पूर्ववत सुरू होते.

या योजनेतील खरी मौज पुढेच आहे. कडक ऊन असेल तर चकत्या लवकर वाळतात. आभाळ भरून राहिले तर त्यांना वाळावयास वेळ लागतो. जमिनीचेही तसेच असते. म्हणजे ती चकती एका अर्थी जमिनीच्या ओलीची लहानशी नक्कल करीत असते. किती पाऊस झाल्यावर कळ दाबली जावी, हेही आपणास ठरविता येते. चकत्या आणि कळ यांच्यामधील अंतर कमीअधिक करण्याची सोय डबीवर असते. साधारणपणे तीन मिलिमीटरांपासून वीस-पंचवीस मिलिमीटरांपर्यंतच्या खुणा तिच्यावर दिलेल्या असतात. चार थेंब शिंतडून गेलेल्या ढगाने बागेचे पाणी तोडू नये, म्हणून ही सोय.

दुसऱ्या जातीचे संवेदक पाऊस नुसता ओळखीत नाहीत, तर तो मोजतात. त्यांच्या पोटात दोन कप्प्यांची एक लहान पन्हळी असते. तुमच्या शाळेच्या मैदानातील सी-सॉ आठवा. एक बाजू खाली गेली की दुसरी वर येते. तसेच हे असते. नरसाळ्यातून येणारे पाणी वरच्या कप्प्यात साठते. ठरलेल्या मापाचे पाणी भरले की तो कप्पा कलंडून रिता होतो आणि दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक चुंबक एका नाजूक कळीजवळून सरकतो आणि एक खूण नोंदली जाते. एक खूण म्हणजे अर्धा मिलिमीटर पाऊस असे माप असेल, तर वीस खुणा म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस झाला.

पाऊस मोजण्याची कल्पना मात्र मुळीच नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर रुंद तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असे सांगितले आहे. रुक्ष अशा जांगल देशात सोळा द्रोण, तर अवंती देशात तेवीस द्रोण पाऊस पडतो, अशी मापेही त्यात दिली आहेत. आणि पावसाचे मान पाहून कोणते बी पेरावे हे ठरवावे, असेही म्हटले आहे. कोरिया देशात सेजोंग राजाच्या कारकिर्दीत, १४४१-४२ च्या सुमारास, एकाच मापाची पर्जन्यमापक भांडी तयार करवून ती प्रांतोप्रांती धाडण्यात आली. आपल्या देशात भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. या विभागाची पर्जन्यमापके रोज सकाळी साडेआठ वाजता वाचली जातात. ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस होतो, तो दिवस ‘पावसाचा दिवस’ म्हणून गणला जातो.

बागेच्या पाण्याशी या मापाची सांगड पुष्कळ उशिरा घातली गेली. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात पाऊस पुष्कळ पडतो. तरीही तेथील हिरवळींवर भर पावसात फवारे उडत. शेवटी १९९१ साली त्या राज्याने कायदाच केला, की बागेला आपोआप पाणी देणारी नवी यंत्रणा बसविताना तिला पर्जन्यसंवेदकही जोडला पाहिजे. ज्यांच्याकडे पावसाची वाण नाही, त्यांनाही पाणी राखावेसे वाटले. मग आपण किती जपावयास हवे!

साधन चांगले असले तरी ते योग्य जागी बसविले नाही तर व्यर्थ होय. संवेदक मोकळ्या आभाळाखाली असावा. लिंबाच्या झाडाखाली तो बसविला, तर हलका पाऊस पानांवरच अडतो आणि पाऊस थांबल्यावरही पाने ठिबकत राहतात. वळचणीखाली बसविला, तर पागोळ्या त्याच्यावर पडून थोडा पाऊसही मोठा भासतो. बागेतील फवारे त्याच्यापर्यंत पोहोचता कामा नयेत. नाहीतर आपणच उडविलेल्या पाण्याला तो पाऊस समजेल. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ फार उडते. ती छिद्रांत बसते, कोळी जाळी विणतात, पाखरे घाण करतात. म्हणून मृग लागण्यापूर्वी एकदा टोपण काढून ते स्वच्छ करावे. मग पाणी चालू असताना तांब्याभर पाणी हळूहळू त्याच्यावर ओतावे आणि थोड्या वेळाने झडप बंद होते की नाही ते पाहावे. हे काम करताना घरातील मोठ्या माणसांना जवळ ठेवावे. विजेच्या जोडण्यांना मुलांनी हात लावू नये.

जी कलती पन्हळी बागेचे पाणी राखते, तिच्याच जातीचे यंत्र गावांचाही पाऊस मोजते. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पाखाली ठिकठिकाणच्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. पाऊस, वारा, उष्णता आणि हवेतील ओल यांची नोंद ती आपोआप करतात. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, तर तेथे अतिवृष्टी झाली असे शासन मानते आणि पिकांच्या नुकसानीचा विचार करताना ही नोंद पाहिली जाते. २०२५ च्या सप्टेंबरात भूम, परंडा या तालुक्यांत मुसळधार पावसाने हाहाकार उडविला. पुराने उभी पिके नेली, कित्येक ठिकाणी शेतातील मातीही खरवडून नेली. अशा वेळी ‘फार पाऊस पडला’ एवढे सांगणे पुरे होत नाही. किती पडला, हे आकड्यांत सांगावे लागते. म्हणून पर्जन्यमापकाची छिद्रे बुजू न देणे हे क्षुल्लक काम नव्हे. त्यावर कोणाच्या तरी वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न अवलंबून असू शकतो.

तरीही यंत्राची मर्यादा आपण ओळखली पाहिजे. पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरे कोरडे राहते, असे खेड्यातील माणसे म्हणतात. केंद्र असलेल्या गावी पाऊस झाला, म्हणजे तो पुढच्या शिवारातही झालाच, असे नाही. शिवाय, किती पाऊस पडला हे संवेदक सांगतो. किती मुरला हे तो सांगत नाही. वीस मिलिमीटरांची एकच जोरदार सर उताराच्या जमिनीवरून वाहून जाते. तेवढाच पाऊस दिवसभर रिमझिम पडला तर खोल मुरतो. दोन्ही वेळी चकती मात्र सारखीच फुगते. जमिनीतील ओल मोजणारी साधनेही आता निघाली आहेत. मातीत रोवलेल्या त्यांच्या कांड्या मुळांपाशी ओल किती आहे ते दाखवितात. पण तेथेही कांडी कोठे रोवावी आणि तिच्या आकड्याचा अर्थ काय घ्यावा, हे माणसालाच ठरवावे लागते.

म्हणून यंत्राने मोजावे आणि माणसाने समजून घ्यावे, अशी ही वाटणी आहे. जो मूठभर माती दाबून वाफसा ओळखू शकतो, त्याच्या हाती संवेदक आला तर तो त्याचा दुप्पट उपयोग करून घेईल. ज्याने मातीला कधी हात लावला नाही, त्याला संवेदक बिघडला आहे हेसुद्धा कळणार नाही.

मुलांनो, तुमच्या घरी असे यंत्र असो वा नसो, पाऊस मोजण्यास तुम्हांला कोणाची आडकाठी नाही. सरळ भिंतींचे, सपाट तळाचे एखादे भांडे मोकळ्या जागी, झाडांपासून व भिंतींपासून दूर ठेवा. ते वाऱ्याने कलंडू नये म्हणून भोवती दगड लावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मोजा, वहीत दिनांकासह लिहा आणि भांडे रिते करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावयास विसरू नका. कारण कोरड्या दिवसांची नोंदही तितकीच मोलाची असते. मग मूठभर माती उचलून पाहा आणि तिच्याविषयीही एक शब्द लिहा : कोरडी, ओली की वाफशाची. एका पावसाळ्यानंतर त्या वहीत तुमच्या अंगणाचा असा इतिहास तयार होईल, जो दुसऱ्या कोणाजवळ नसेल. आणि आज बागेला पाणी घालावे की नको, हे तुम्ही न चुकता सांगू शकाल.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) वाफसा म्हणजे काय? पेरणीपूर्वी शेतकरी त्याची वाट का पाहतो?
(आ) लेखकाने टायमरला ‘इमानी पण आंधळा सेवक’ का म्हटले आहे?
(इ) पावसाळ्यातील लाकडी दार आणि संवेदकातील चकती यांत कोणते साम्य आहे?
(ई) संवेदक लिंबाच्या झाडाखाली का बसवू नये?

२. कारणे द्या :
(अ) पर्जन्यमापकाची छिद्रे स्वच्छ ठेवणे हे क्षुल्लक काम नव्हे.
(आ) तेवढाच पाऊस पडूनही जमिनीत दर वेळी सारखेच पाणी मुरत नाही.

३. आठ मीटर लांब व पाच मीटर रुंद अशा बागेवर दहा मिलिमीटर पाऊस पडला. बागेवर एकूण किती लिटर पाणी पडले?

४. पुढील शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा :
माना टाकणे, हसण्यावारी नेणे, वाण नसणे, आडकाठी असणे.

५. आपल्या घरातील वडील माणसांना त्यांनी पाहिलेल्या दुष्काळाविषयी किंवा अतिवृष्टीविषयी विचारा, आणि त्यांनी सांगितलेली हकीकत दहा ओळींत लिहा.